पाण्यातली मंडळी

प्रिय ईशान आणि रेवा,

परवा तुम्ही मला एका डबीचा फोटो पाठवलात. पोटासाठी घ्यायचे जिवंत जंतू, कॅप्सूलमध्ये भरलेले. "आजी, तू कॉलेजात हेच शिकवायचीस ना?" असं रेवानं विचारलं. हो, तीस वर्षं हेच शिकवलं. पण मला ते ज्यांनी शिकवलं, त्यांच्याबद्दल तुम्हाला कधी सांगितलं नाही. पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. त्याआधी लिहून टाकते. काम मागे ठेवून दवाखान्यात जाणं मला जमत नाही.

त्यांना सगळे अण्णा म्हणत. टाकीपाशी आले की ते उजवी बाही वर करत, तळवा पाण्यात बुडवत, मनात काही मोजत असल्यासारखे थांबत आणि मग हात बाहेर काढून नाकाशी नेत. "आहेत मंडळी," एवढंच म्हणत आणि पुढच्या टाकीकडे वळत. मंडळी म्हणजे मासे नव्हेत. मासे तर दिसतच होते.

हुबळीच्या बाजारात त्यांच्या घराण्याचं कापडाचं दुकान होतं. त्यातला आपला वाटा विकून अण्णांनी बेलूरच्या पुढे माळावर सिमेंटच्या पाच टाक्या बांधल्या आणि त्यांत रोहू, कटला वाढवायला घेतले. एक दिवस बाटलीभर पाणी घेऊन ते माझ्या प्रयोगशाळेत आले. "अक्का, यात कोण कोण आहे ते बघून सांगा." मी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून व्यवस्थित यादी करून दिली. त्यांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली. "निम्मेच सापडले की तुम्हाला."

आपल्या घरात मासा कधी शिजला नाही. मी नाकाला पदर लावून त्या टाक्यांवर जायची, आणि ते मला माझाच विषय समजावून सांगायचे. "मासा एकटा नसतो, अक्का. कातडीवरच्या बुळबुळीत वस्ती, कल्ल्यांत वस्ती, आतड्यात तर गल्ल्याच्या गल्ल्या. घरं भरलेली आहेत तोवर चोराला जागा नाही."

एकदा गंमत म्हणून मी त्यांच्या तळव्यावर कापसाचा बोळा फिरवला आणि काचेच्या बशीत जंतू वाढवले. माणसाच्या हातावरून काय उगवतं ते मी डोळे मिटून सांगितलं असतं. बशीत भलतंच उगवलं. शेजारी कटल्याच्या अंगावरून घेतलेली बशी होती. दोन्ही बशा सारख्याच. मी अण्णांना साबणानं हात धुवायला लावून पुन्हा बोळा फिरवला. पुन्हा तेच. अण्णा आपल्या तळव्याकडे बघत राहिले. हसतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "बरोबर आहे. हात घातला की तेही बघत असणार, आज कोण आलंय ते."

त्या दिवशी मी घरी येऊन दोनदा आंघोळ केली.

मग एका उन्हाळ्यात एका टाकीतल्या माशांच्या अंगावर लाल चट्टे उठले. अण्णा पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. ही खेप हातची गेली असती तर टाक्या मोडून भावांच्या दुकानात कापड मोजायला बसावं लागलं असतं, आणि ते त्यांना मरणासारखं वाटत होतं. त्यांनी मला विचारलं. मी शिकलेली बाई. कागदावर क्रमांक घालून लिहून दिलं. पाचही टाक्या रिकाम्या करा, घासा, ब्लीचिंग पावडर लावा, उन्हात वाळवा, बोअरचं ताजं पाणी भरा. तोवर मासे ताडपत्रीच्या हौदात ठेवा आणि परत सोडताना जंतू मारणाऱ्या लाल पोटॅशच्या पाण्यातून काढा.

अण्णांनी कागद बराच वेळ हातात धरला. "सगळ्यांना बाहेर काढायचं?"

"सगळ्यांना."

"बरं," ते म्हणाले.

टाक्या इतक्या स्वच्छ झाल्या की तळाच्या सिमेंटवरचे थापीचे फटकारे दिसायला लागले. मला फार समाधान वाटलं. मासे परत सोडल्यावर चौथ्या दिवशी अण्णांचा फोन आला. "अक्का, येऊन जा. बोलत नाहीत."

भर अकराच्या उन्हात मी पोचले. माळावर वारा होता, पण पाणी हलत नव्हतं. प्रत्येक टाकीतले सगळे मासे एका भिंतीशी, तोंडं भिंतीकडे करून, ओळीनं थांबले होते. टाकलेलं खाद्य तसंच तरंगत होतं. ज्या वासामुळे मी इतकी वर्षं पदर लावत होते, तो वासच नव्हता. कशाचाच वास नव्हता. मी पदर खाली घेतला आणि माझ्या अंगावर काटा आला. अण्णांनी हात बुडवला. एरवीपेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग नाकाशी नेला आणि धोतराला पुसला. हात पुसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

"इथं कोणी राहत नाही, अक्का."

दोन दिवसांत दोन टाक्यांतले मासे पोट वर करून तरंगले. मी एकाच्या अंगावरची बुळबुळ काचेवर घेतली. पूर्वी जिथं नाना तऱ्हेची गर्दी दिसायची, तिथं एकच जात होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच, आणि सगळे वळवळत होते. आयुष्यभर त्या भिंगातून पाहिलं, भीती अशी कधी वाटली नाही. त्या दिवशी मी दिवा बंद केला आणि खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. काय झालं ते मला कळलं होतं. मी वस्ती उठवली होती, आणि रिकाम्या घरात पहिला चोर शिरला होता.

मी माळावर परत गेले तेव्हा अण्णांची बायको, आमच्या वहिनी, मेलेले मासे टोपलीत भरत होत्या. "अक्का, तुम्ही सांगितलंत म्हणून यांनी सिमेंट घासलं. मी दहा वर्षं सांगतेय, एक पातेलं घासलं नाही."

"साकु," अण्णा त्यांना कानडीत म्हणाले, म्हणजे पुरे. मग मला शेडच्या मागे घेऊन गेले. तिथं गोणपाटानं झाकलेली एक लहान टाकी होती. पाणी हिरवंगार, आणि त्यात सहा-सात म्हातारे रोहू सावकाश फिरत होते. एकाच्याही अंगावर चट्टा नव्हता.

"ही तुम्हाला दाखवली नव्हती," ते खाली बघत म्हणाले. "इथली मंडळी जुनी. हात उचलेना. तुमचा शब्द मोडला, अक्का."

माफी ते मागत होते.

"घरात विरजण संपलं तर काय करता?" त्यांनी विचारलं.

"शेजारून आणते."

"आणि बिनविरजणाचं दूध उन्हात झाकून ठेवलं तर?"

"नासेल."

"तेच केलं की आपण." आपण, म्हणाले.

त्यांनी त्या टाकीतलं पाणी पितळी घागरीत भरलं, तळाचा मूठभर गाळ घातला, तोंडावर केळीचं पान बांधलं. एका टाकीतून दुसरीकडे घागर नेताना वाटेत कोणाशी अक्षर बोलायचं नाही, असा त्यांचा नेम होता. उरलेल्या तीन टाक्यांत त्यांनी तशी घागर रोज नेली. मी मागून चालले, गप्प. नवव्या दिवशी मासे भिंतीपासून वळले.

अण्णांना दुकानात बसावं लागलं नाही. शेवटपर्यंत ते माळावरच राहिले. गेल्या वर्षी एका सकाळी दुसऱ्या टाकीच्या कठड्याशी बसलेले सापडले, उजवा हात पाण्यात. वहिनी सांगत होत्या, सगळे मासे त्या हाताभोवती गोळा झाले होते आणि हात काढला तरी बराच वेळ तिथून हलले नाहीत.

वहिनी आता नवनगरला बहिणीकडे असतात. जाण्याआधी त्या रिक्षानं मळमड्डीला आपल्या घरी आल्या. मांडीवर घागर, तिच्यात बोटाएवढे कटले. माझ्या हातात घागर दिल्यावरच तोंड उघडलं. "यांनी सांगून ठेवलं होतं, अक्कांकडे पोचवा. रिक्षावाला पत्ता विचारत होता, मी बोलले नाही. चार गल्ल्या फिरवलं मेल्यानं." मग त्या पायरीवर बसल्या आणि पहिल्यांदा रडल्या.

माळावरच्या टाक्या पाडल्या, तिथं आता कारखान्याची शेड आहे. आपल्या मागच्या अंगणातल्या हौदात चार कटले आहेत. त्यांच्या अंगावर आणि पोटात राहणारे सगळे त्या माळावरचे आहेत.