मोर्चाच्या बॅनरवरच्या दोन मुली

“या दोघींवर लाल फुली मार. मोठी. पार आरपार,” भास्करअण्णा म्हणाले आणि त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवलं.

वैशालीनं फुली मारली.

स्क्रीनवर दोन मुली होत्या, पुण्यातल्या कुठल्याशा मिरवणुकीतल्या. गालांवर सप्तरंगी पट्टे, केस मोकळे, एकमेकींचा हात घट्ट धरलेला, दोघी खळखळून हसताहेत. मी गल्ल्यावरून सहज मान वर केली आणि हातातला चहा हिंदकळला. डावीकडची मुलगी वैशाली होती. माझ्या दुकानातली डिझायनर. आपल्याच तोंडावर ती माउसनं फुली ओढत होती आणि विचारत होती, “अण्णा, एवढी जाडी पुरे का?”

पैठण गेटजवळ माझं फ्लेक्सचं दुकान आहे. चौकाचौकात वाढदिवसाचे, श्रद्धांजलीचे, निवडीबद्दल अभिनंदनाचे जे मोठे बॅनर दिसतात, ते आम्ही छापतो. वडिलांचा स्क्रीन प्रिंटिंगचा धंदा होता, मी त्यात मशीन आणलं. आमच्याकडे कामाची एक ठरलेली पद्धत आहे. डिझायनर कॉम्प्युटरसमोर बसतो आणि गिऱ्हाईक त्याच्या मागं स्टुलावर बसून हुकूम सोडतं. “ते जरा डावीकडं घे. साहेब मोठे कर. मी जरा गोरा दिसलो पाहिजे.” तासन् तास. स्टुलावरच्या माणसाची नजर फक्त स्क्रीनवर असते. डिझायनरला तोंड आहे हेच त्याच्या ध्यानात नसतं. वैशाली कामावर चष्मा लावते, केस करकचून बांधते. अण्णा चार वर्षं तिच्या मागं बसतात, पण रस्त्यात दिसली तर ओळखायचे नाहीत. त्या दिवशी या गोष्टीबद्दल मी देवाचे आभार मानले.

दिल्लीत तेव्हा सुप्रीम कोर्टात मोठा खटला उभा होता. दोन पुरुषांना किंवा दोन बायकांना एकमेकांशी कायदेशीर लग्न करता यावं, म्हणून काही जोडप्यांनी अर्ज केले होते. केंद्र सरकारचा विरोध होता. वेगवेगळ्या धर्मांच्या संघटनाही विरोधात उतरल्या होत्या. टीव्हीवर रोज संध्याकाळी आरडाओरडा. आमच्या शहरात त्यातून एक नवल घडलं. भास्करअण्णा आणि हाजीसाहेब एकत्र आले.

अण्णा मूळचे गंगापूरकडचे बागायतदार. इथं त्यांची धार्मिक संघटना आहे, सप्ताह भरवतात, मोर्चे काढतात. हाजीसाहेबांचं टाइल्सचं दुकान आहे आणि मोहल्ल्यात त्यांच्या शब्दाला वजन आहे. एकाचा मोर्चा निघाला की दुसऱ्याचा त्याच्या विरोधात निघणार, हे ठरलेलं. दोघांचेही बॅनर मीच छापते, कधी कधी एकाच दिवशी, एकाच मशीनवर. आता मात्र ‘समलिंगी विवाहाला सर्वधर्मीय विरोध’ असा मोर्चा क्रांती चौकातून निघणार होता. दोघं माझ्या दुकानात शेजारी शेजारी स्टुलावर बसलेले पाहून मला खरं तर बरं वाटायला हवं होतं.

“अण्णा, हा फोटो फाटेल,” मी म्हटलं.

फोटो फाटणं म्हणजे काय ते सांगते. व्हॉट्सॲपवर फिरून आलेला फोटो मोबाइलवर छान दिसतो. तोच बॅनरएवढा मोठा केला की नाकाडोळ्यांच्या जागी नुसते चौकोन उरतात. मी वैशालीला फोटो मोठा करायला लावला. चौकोन दिसले. पण लांब उभं राहिलं की चेहरा कळत होता, हे मलाही दिसलं आणि अण्णांनाही.

“लांबून दिसतंय की. चालंल,” अण्णा म्हणाले. “आन् नाहीच चाललं तर पुण्याहून मूळ फोटो मागवतो. आपला माणूस हाय तिथं.”

आता त्यांनी तो स्वच्छ मूळ फोटो मागवला म्हणजे झालंच. मी हाजीसाहेबांकडे वळले. त्यांचं इतक्या वर्षांचं काम मी केलंय. ईदच्या शुभेच्छांपासून दुकानाच्या उद्घाटनापर्यंत एकाही बॅनरवर त्यांनी बाईचा फोटो येऊ दिलेला नाही.

“हाजीसाहेब, तुमच्या बॅनरवर बायकांचा फोटो आपण कधी टाकला नाही. या वेळी टाकायचा का? तुमचंही नाव आहे खाली.”

हाजीसाहेब तोवर मोबाइलमध्ये होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि फोटो पहिल्यांदा नीट पाहिला. बराच वेळ पाहिला.

“किसकी बेटियाँ हैं ये?” त्यांनी विचारलं.

“असतील कुणाच्या तरी,” अण्णा म्हणाले.

“वहीच तो बोल रहा हूँ. कुणाच्या तरी आहेत ना? नक्को अण्णा. किसी की बेटी को चौक में नक्को टाँगो. मेरे लोग उसके नीचे खडे नहीं रहेंगे.”

हाजीसाहेबांचा या लग्नाला कडक विरोध होता, आजही आहे. त्यांच्याशी त्या विषयावर माझं कधी जमणार नाही. पण त्या क्षणी मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. अण्णांनी तोंड वाकडं केलं, तरी मोर्चा एकत्र होता, त्यामुळं मान डोलावली. वैशालीनं फोटो काढला.

मग नुसतं मॅटर उरलं. मॅटर म्हणजे बॅनरवरचा मजकूर. मथळा झाला, घोषणा झाल्या, दोघांची नावं सारख्या आकारात झाली. वैशाली शेवटच्या ओळीवर आली आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, “स्थळ क्रांती चौक. पुढं शहराचं नाव काय टाकू?”

दोघंही स्टुलावर ताठ झाले.

बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, सरकारनं आमच्या शहराचं नाव नुकतंच बदललं होतं. अर्धं शहर पेढे वाटत होतं आणि अर्धं कोर्टात गेलं होतं. मी धंद्यात एक नियम पाळते. गिऱ्हाईक देईल ते नाव छापायचं, आपण होऊन एक अक्षर बोलायचं नाही. इथं मात्र एकाच बॅनरची दोन गिऱ्हाइकं होती.

“त्यात इचारायचं काय? सरकारनं दिलंय तेच,” अण्णा म्हणाले.

“केस चालू आहे अण्णा. फैसला आने दो. तोपर्यंत जुनंच.”

“जुन्या नावाखाली माझा एक माणूस यायचा नाय.”

“और नये नाम के नीचे मेरा कोई नहीं आएगा.”

मी मध्ये पडले. “क्रांती चौक म्हटलं की सगळ्यांना कळतं. शहराचं नाव गाळूनच टाकू या.”

त्यावर दोघं एकदम माझ्याकडे वळले.

“गाळायचं? का म्हून? नावाला भितो व्हय आम्ही?” अण्णा.

“हौ, कायकू निकालना?” हाजीसाहेब.

त्या दिवसभरात दोघांचं मनापासून एकमत झालं ते एवढंच. थोड्या वेळानं दोघं उठले. एक पायऱ्या उतरून पैठण गेटकडे गेला, दुसरा औरंगपुऱ्याकडे. सर्वधर्मीय मोर्चा संपला.

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढलं आणि वैशालीला चहा दिला.

“तूच आहेस ना ती?”

“हो ताई. आणि ती रुपाली.”

रुपाली म्हणजे तिच्याबरोबर सिडकोत राहणारी नर्स. चार वर्षं मी तिला रूम पार्टनर समजत होते. दिवाळीला दोघींना एकच फराळाचा डबा द्यायचे.

“घरी माहीत आहे?”

“नाही. बॅनर लागला असता तर पाचोडात संध्याकाळपर्यंत कळलं असतं. आमच्या गावची निम्मी पोरं कामाला त्याच चौकातून जातात. भाऊ मला न्यायलाच आला असता.” तिनं कप खाली ठेवला. “आईला तसं कळायला नको होतं, ताई. फुलीखालून.”

मला फार राग आला. अण्णांचा आला, टीव्हीवरच्या ओरडणाऱ्यांचा आला आणि या पोरीनं हे सगळं गिळून जाडी विचारली, त्याचाही आला.

“नाही म्हणायचंस ना मग! मला खूण तरी करायची!”

“अण्णा दुसऱ्या दुकानात गेले असते. तिथं फोटो फाटतो असं कोण म्हणणार होतं?”

“आणि ते शहराचं नाव? मुद्दाम विचारलंस?”

“ओळ रिकामी होती ताई,” ती म्हणाली. “रिकामी ओळ मशीनवर जाऊ द्यायची नाही, हे तुम्हीच शिकवलंय.” आणि हसली. फोटोतल्यासारखंच हसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा एकटेच आले.

“हाजीची कटकट गेली. आता आमचाच मोर्चा. त्यो फुलीवाला फोटो घाल परत.”

मी तयारीत होते. “अण्णा, तो फोटो माझ्या मशीनवर छापला जाणार नाही. बाकी सगळं मॅटर छापते.”

“का?”

“बॅनरच्या कोपऱ्यात माझ्या दुकानाचं नाव असतं. उद्या त्या मुलींच्या बापानं विचारलं, तर उत्तर मला द्यावं लागेल.”

“इतक्या वर्षांचं गिऱ्हाईक तोडती व्हय? या गावात मशीनं लई झाली आता!”

“झाली आहेत. जा की.”

अण्णांचा चेहरा लाल झाला. माझाही झाला असणार. तेवढ्यात वैशालीनं मागं न वळता विचारलं, “अण्णा, कार्यकर्त्यांचे फोटो आजही नकोत का? एकट्याचा मोर्चा आहे ना आता.”

काल दोन पक्ष होते म्हणून कार्यकर्त्यांचे फोटो नव्हते. आता बॅनर एकट्याचा म्हटल्यावर ते आलेच. आमच्याकडच्या कुठल्याही बॅनरवर खाली पासपोर्ट फोटोंच्या रांगा असतात. ज्याचा फोटो त्या रांगेत नाही, तो मोर्चाला येत नाही. ज्याचा फोटो त्याच्या चुलतभावाच्या मागं गेला, तो येतो आणि भांडतो. अण्णांच्या संघटनेतले मानपान वैशालीइतके कुणालाच पाठ नाहीत. तिनं भराभर फोटो लावले. पहिली रांग, दुसरी रांग, तिसरी. वर अण्णा, अण्णांचे गुरू, अण्णांचा मुलगा.

“फुलीवाल्या फोटोला जागा हवी असेल तर खालची रांग काढावी लागेल,” ती म्हणाली. “गंगापूरची मंडळी आहेत त्यात. काढू का?”

अण्णा स्टुलावर पुढं सरकले. मिशीवरून हात फिरवला. गंगापूरच्या रांगेत त्यांचा व्याही होता आणि व्याह्याचा भाऊ होता.

“न्हाय न्हाय. ऱ्हाऊ दे मंडळी,” ते म्हणाले. “फोटोचं काय एवढं. घोषणा हायेतच की.”

संध्याकाळी बॅनर गेला. हाजीसाहेबांचा दुसऱ्या दिवशी गेला. एकावर नवं नाव, एकावर जुनं. दोन मोर्चे दोन दिवशी निघाले आणि दोन्ही कलेक्टर ऑफिससमोर निवेदन देऊन उन्हाच्या आत घरी गेले. दुसऱ्याच्या घरात कुणी कुणाबरोबर राहावं हे ठरवायला निघालेल्या मंडळींना आपसात एक ओळ ठरवता आली नव्हती. माझा धंदा मात्र दुप्पट झाला, हे खोटं कशाला सांगू.

वैशाली त्याच आठवड्यात बाजाराच्या दिवशी पाचोडला गेली. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी आपण सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. आई बाजारातून आणलेली मेथी निवडत होती. वैशालीनं सगळं सांगितलं. आई मेथी निवडतच राहिली. जुडी संपली, दुसरी घेतली. मग म्हणाली, “ती नर्स हाय नव्हं? माझा गुडघा लई ठणकतोय. इचार तिला.”

भाऊ अजून बोलत नाही. बोलेल किंवा नाही बोलणार. वैशाली म्हणते, वाट बघायला तिची हरकत नाही.

पुढं दिल्लीचा निकाल आला तो अण्णा आणि हाजीसाहेबांना हवा तसाच. असं लग्न कायदेशीर करणं कोर्टाच्या हातात नाही, ते संसदेनं ठरवावं, असं न्यायाधीशांनी सांगितलं. दोघांनी आनंदाचे बॅनर छापून घेतले, अर्थातच वेगवेगळे. वैशालीनंच केले, चूक एकही नाही. त्या दिवशी तिनं डबा उघडला नाही. मग मीही माझा उघडला नाही. रुपाली ड्युटीवरून थेट दुकानात आली, आम्हा दोघींना निराला बाजारात घेऊन गेली आणि डोसा खायला लावला. बिल मला देऊ दिलं नाही.

आता वैशालीची आई अधूनमधून एसटीनं येते आणि सिडकोतल्या घरी दोन दिवस राहते. रुपालीनं तिला गुडघ्याचे व्यायाम शिकवले आहेत. परवा रुपाली तावातावानं दुकानात आली.

“ताई, तुम्ही तरी सांगा आईंना. व्यायाम अजिबात करत नाहीत. मी काही म्हटलं की म्हणतात, तू काल आलीस, मला नको शिकवू. माझ्या हातच्या भाजीलाही नावं ठेवली.”

मी हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं.

“बाई गं,” मी म्हटलं, “कायदा व्हायचा तेव्हा होईल. तुला सासू मात्र मिळाली.”