‘हौ’ म्हणणारा परीक्षक

नीलिमा मॅडमनी रेकॉर्डिंग पुन्हा मागे नेलं आणि विचारलं, “मध्ये मध्ये हे ‘हौ’ कोण म्हणतंय?”

आवाज माझाच होता, आमच्याकडचं ‘हो’. मी म्हणालो, “मॅडम, ते सहज.”

“सहज कसं? नीट बघ.”

मॅडम आमच्या टीमच्या प्रमुख. एका खाजगी हॉस्पिटलचं अपॉइंटमेंटचं अ‍ॅप आम्ही बनवत होतो. त्याचं युजेबिलिटी टेस्टिंग माझ्याकडे होतं. म्हणजे साध्या माणसाच्या हातात अ‍ॅप द्यायचं, एक काम सांगायचं आणि तो कुठे अडतो ते पाहायचं. परीक्षा अ‍ॅपची असते, माणसाची नाही. शेजारी बसणाऱ्याने मदत करायची नाही. माझ्या टेस्टमध्ये कोणीच अडलं नव्हतं. तसा रिपोर्ट मी अभिमानाने हॉस्पिटलला पाठवलाही होता. माझा प्रोबेशनचा काळ संपत आला होता.

आता मी नीट पाहिलं. प्रत्येक जण बोट स्क्रीनजवळ नेऊन थांबत होता. मी “हौ” म्हटलं की दाबत होता. मी गप्प असलो की बोट दुसरीकडे जात होतं.

मी नागपूरजवळच्या पारशिवनीचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला पहिला माणूस मीच. मोठं माणूस अडलं आणि आपण नुसतं बघत बसलो, तर आई जेवायला वाढणार नाही. मॅडमना हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “जेवण मी देते. टेस्ट परत घे.”

पहिल्या टेस्टला आलेल्या, नागपुरातल्या नंदनवनच्या शकुंतलाकाकूंना पुन्हा बोलावलं. काकांचे गुडघे दुखतात, त्यांच्यासाठी अपॉइंटमेंट घ्यायची, एवढंच काम. मी तोंडात सुपारी धरून बसलो.

काकूंनी डॉक्टर निवडला, वेळ निवडली. मग माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं.

“काहून गा, आज बोलून नाही राहिला? माह्यावर रागावला का?”

मी मान हलवली. तीही हलवायची नसते.

“बरं, झालं माहं. नंबर लागला. उद्या यांले घेऊन येतो.” काकूंनी फोन टेबलावर ठेवला.

नंबर लागलाच नव्हता. स्क्रीनच्या वरच्या कोपऱ्यात बरोबरची एक बारीक खूण होती, ती दाबल्याशिवाय काही नोंदलं जात नव्हतं. अ‍ॅप खरंच सुरू असतं, तर काका दुखऱ्या गुडघ्यांनी आले असते आणि काउंटरवरून परत गेले असते. त्यानंतरचे बहुतेक जणही तिथेच थांबले.

हॉस्पिटलला कळवायचं काम मॅडमनी मलाच दिलं. त्यांचे मॅनेजर फोनवर भडकले. “सोमवारी लाँच आहे! मागच्या वेळी तर सगळे पास होते ना?”

“सर, पास नव्हते. मी कॉपी पुरवत होतो.”

मग ते म्हणाले, “तुम्हाला पगार आमच्या पैशातूनच मिळतो ना?”

लाँच पुढे गेलं. त्या खुणेच्या जागी खाली रुंद बटण आलं, ‘नंबर लावा’. या वेळी काकूंच्या शेजारी मॅडम स्वतः बसल्या, मला खोलीबाहेर ठेवलं. काकांचा नंबर लागला. माझं प्रोबेशन तीन महिन्यांनी वाढलं. नोकरी राहिली, म्हणून मी मॅडमचा आभारी आहे.

एवढं कळलं, की लोकांना मदत करायचीच असेल तर ती बटणात करावी. प्रत्येक पेशंटच्या शेजारी बसायला हॉस्पिटल मला काही पाठवणार नाही.