पोराला न सांगितलेलं ऑपरेशन

"स्वरयंत्र काढावं लागेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. "गुरुवारी करू. तोवर ज्यांच्याशी बोलायचंय त्यांच्याशी बोलून घ्या."

तीन महिने घसा बसलेला होता. होटगीला रेल्वेत रुळांवर काम, धुळीनं झालं असेल म्हणून खडीसाखर चघळत राहिलो. शेवटी सोलापूरला बायोप्सी केली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर निघाला. ऑपरेशनचं नाव लॅरिंजेक्टॉमी. आवाजाची पेटीच काढतात. मानेला भोक ठेवतात, श्वास तिथून घ्यायचा.

मला बोलायचं होतं एकाच माणसाशी. माझा मुलगा महेश फौजेत, सीमेवर. त्याच आठवड्यात तिकडे अतिरेक्यांचा हल्ला झालेला, सगळ्यांच्या सुट्ट्या रद्द. दवाखान्यातल्या टीव्हीवर युद्धाचीच चर्चा. शेजारचे म्हणायचे, "एकदा घुसूनच मारा की!" मी खाली बघत तपासणीचा माझा नंबर लागायची वाट बघायचो.

आमच्याकडे फौजेतल्या पोराला घरचं वाईट कळवत नाहीत. तिथं त्याचं ध्यान हललं तर? माझी आई वारली तेही त्याला तेराव्यानंतर सांगितलं होतं. यावेळी बायकोला मी शपथच घातली.

मंगळवारी सकाळी त्याचा फोन आला.

"आबा, आवाज असा का येतोय?"

"उसाचा रस पिलो बर्फ घालून. तुझं कसं हाय?"

"मजेत. बोला की अजून, पाच मिन्टं हायती."

"कामावर जायचंय," म्हणालो आणि ठेवला. आणखी बोललो असतो तर रडलो असतो.

ती पाच मिनिटं मला आजही हवी आहेत. भरतीला निघाला तेव्हाही मी "नीट जा" एवढंच म्हणालो होतो. मनातलं सगळं आवाज होता तोवर आतच ठेवलं.

ऑपरेशन झालं. फोन आला की बायको सांगायची, "आबा कामावर गेल्यात." दोन महिन्यांनी त्याला सुट्टी मिळाली. दारातच त्याला माझ्या गळ्यातलं भोक दिसलं.

"मी काय परका हाय व्हय, आबा?"

मी वहीत लिहिलं, तुझं ध्यान हललं असतं.

"आन् आता हलत न्हाई व्हय?"

मी वही मिटली. तुमचं पोर सीमेवर असेल आणि घरात असं काही निघालं, तर त्याला सांगा. त्याचं काय करायचं ते त्याला ठरवू द्या.

आता हवा गिळून ढेकरेसारखी सोडत बोलायला शिकतोय. शिकवणाऱ्या ताईंचे उपकार आहेत, चिडत नाहीत. परवा महेशचा फोन आला. बायकोच्या हातून घेतला आणि एकेक शब्द काढला, "आज. लई. दुखतंय."

तिकडं दार ओढून घेतल्याचा आवाज आला.

"आबा," मग तो हळूच म्हणाला, "त्या हल्ल्यापासनं मला झोपच लागत न्हाई. कुणाला बोललो न्हाई अजून."

मला फार शब्द जमत नाहीत. दम घेतला आणि म्हणालो, "सांग."