केनवडच्या रांगेतलं रक्त

किन्हीराजा गावचा इंद्रभान नागपूरच्या प्रयोगशाळेत खुनाच्या कपड्यांवरचे रक्ताचे डाग तपासायचा. रजा मिळाली की गावोगाव फिरून लोकांचं रक्त गोळा करी. रक्तातली कोणती खोट कुठल्या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलीय, हा त्याच्या संशोधनाचा विषय. ती खोट त्याला घरातच सापडली. धाकट्या बहिणीच्या, पंचफुलाच्या रक्तात ती दबून होती. तिला त्रास काही नव्हता. पण नवऱ्यातही ती असली तर पोराचे हाल कुत्रं खाणार नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

मामाच्या पोरातही खोट निघाली, म्हणून त्यानं पंचफुलाचं त्याच्याशी ठरलेलं लग्न मोडलं. मामा कायमचा तुटला. "रगत पाहून कोनी पोरगी देते काय रे?" आई सोजरबाई म्हणाली. पण ऐकेल तो शहाणा कसला! त्यानं केनवडचा जगदेव निवडला, कारण बहात्तर साली इंद्रभाननं तिथं रक्त गोळा करायला भरवलेल्या शिबिरात जगदेवचं रक्त निर्मळ निघालं होतं.

खरं तर शिबिराच्या वेळीच त्याच्या मनात पाल चुकचुकली होती. रक्त द्यायला लागलेल्या रांगेतल्या चौघा-पाचांचं रक्त हुबेहूब एकसारखं. 'एकाच भावकीतले, निघायचंच,' अशी त्यानं समजूत करून घेतली. डागावरून खुनी हुडकणारा हा बहाद्दर!

पंचफुलाचं पोर दीड वर्षाचं झालं आणि त्याचे हातपाय सुजू लागले. रात्रंदिवस रडायचं. नवरा-बायको त्याला घेऊन नागपूरला आले. इंद्रभाननं पोराच्या रक्ताचा थेंब भिंगाखाली धरला. पेशी विळ्यासारख्या वाकलेल्या होत्या. मग त्यानं जगदेवचं रक्त तपासलं. त्यातही खोट होती.

"जगदेवराव, शिबिरातलं तुमचं रक्त असं नव्हतं."

जगदेवनं मान खाली घातली. "ते माहं नोतंच, भाऊ. आमा चौघायच्या नावानं आमच्या भावकीतला गोविंदाच बसला व्हता. तुमी रगतावरून खुनी धरता म्हनत. तवा आमच्या वावराच्या धुऱ्यावर एक मानूस कोनं तरी मारला व्हता, अन् माहं त्याच्याशी भांडन झालेलं. म्या काई केलं नोतं, पन भेव लागलं."

"मग लग्नाच्या वेळी काहून नाही सांगितलं?"

"त्याच्यावरूनच पोरगी देऊन राह्यले, हे मले कोनं सांगितलं?"

इंद्रभाननं खरंच सांगितलं नव्हतं, पुन्हा तपासलंही नव्हतं.

पंचफुला दारातून सगळं ऐकत होती. तिला पाचवा महिना होता.

"भाऊ, तू सगळ्यायचं रगत पाह्यतं," ती म्हणाली. "या पोटातल्याचं बी पाहून सांग न."