गाडी लागणाऱ्या फुलाबाई

भुकूमच्या फुलाबाई ओव्हाळ तेवीस वर्षं पिरंगुटच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटायला होत्या, आणि तेवीस वर्षं चालतच कामावर गेल्या. जायला एक तास, यायला एक तास. बस दारावरून जायची, पण त्यांना गाडी लागायची. डिझेलचा वास आला की मळमळायला लागायचं आणि दुसऱ्या वळणाला पोटातलं सगळं बाहेर यायचं. लिंबू, आलं, गोळ्या, पोटाला वर्तमानपत्र बांधणं, सगळं करून झालं होतं. दुचाकी तेवढी सोसायची, कारण तोंडावर वारा असायचा.

त्यामुळे लग्न असो की मयत, घरचे जायचे आणि फुलाबाई घर सांभाळायच्या. धाकटी बहीण सारजाबाई रत्नागिरीला दिली होती. तिचं लग्न भुकूमलाच लागलं. पुढच्या तीस वर्षांत फुलाबाईंनी तिचं घर पाहिलं नाही. सारजाबाईच वर्षाआड माहेरी यायची.

सहा वर्षांपूर्वी सारजाबाईचे मालक विश्राम अचानक वारले. त्या दिवशी मात्र फुलाबाई हट्टानं जीपमध्ये बसल्या. पौड येईपर्यंत चार उलट्या झाल्या, पुढं त्यांची शुद्ध हरपायला लागली. भावकीतल्यांनी जीप मागे वळवून त्यांना पौडच्या दवाखान्यात ठेवलं आणि ते पुढे गेले. रत्नागिरीत निरोप पोचला तो एवढाच, की आक्काला गाडी लागते म्हणून ती आली न्हाई. सारजाबाईनं ऐकून घेतलं. त्यानंतर दोन वर्षं तिचा फोन आला नाही, आणि माहेरी येणं तर बंदच झालं.

फुलाबाईंची मुलगी वृषाली हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला आहे. गेल्या वर्षी पावसाळा सरताना तिला कळलं, की पुण्याहून रत्नागिरीला हंगामापुरती सहलीची रेल्वेगाडी सुटते आहे आणि त्या गाडीला मोठ्या काचांचा डबा आहे.

"आई, यात लांबपर्यंत दिसतं. लांब नजर ठेवली की मळमळत नाही, डॉक्टरच म्हणाले."

"आन् मळमळलं तर?"

"लोणावळ्याला उतरू आणि परत येऊ."

उतरता येईल, हे फुलाबाईंना पटलं. आदल्या संध्याकाळपासून त्यांनी काही खाल्लं नाही. पहाटे वृषालीच्या स्कूटरवर बसून स्टेशन गाठलं. पिशवीत सहा प्लास्टिकच्या थैल्या होत्या.

लोणावळ्याला वृषालीनं विचारलं, "उतरायचं?"

"थांब जरा."

घाटात कड्यांवरून पाणी कोसळत होतं. बोगदा आला की फुलाबाई डोळे मिटायच्या, उजेड आला की उघडायच्या. कर्जतला वृषालीनं पुन्हा विचारलं तर म्हणाल्या, "गप बस, बघू दे." रोहा सोडल्यावर त्यांनी डबा मागितला आणि दोन चपात्या खाल्ल्या. चालत्या गाडीत त्या आयुष्यात पहिल्यांदाच जेवत होत्या.

वृषालीनं फोनवर कळवलं होतं, म्हणून रत्नागिरीला सारजाबाई फलाटावर उभी होती. फुलाबाईंच्या अंगावर इस्त्रीची साडी, चेहरा टवटवीत. सारजाबाईनं बहिणीला एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"आठ तास बसलीस की गाडीत. बरी हायेस."

त्यातलं टोचणं फुलाबाईंना कळलं. खरं तर त्या चालतच जायचं म्हणणार होत्या. आता मात्र रिक्षात बसल्या.

तिसऱ्या वळणाला वृषालीनं रिक्षा थांबवली. फुलाबाई रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर बसल्या. चपात्या गेल्या, मग नुसतं पिवळं पाणी. हातपाय गार पडले. सारजाबाई आधी रिक्षाजवळच उभी राहिली. मग जवळ आली आणि तिनं बहिणीचं कपाळ धरलं.

"आक्का, दर येळंला आसंच हुतं?"

"आसंच."

"हे गेले त्या दिवशी बी?"

"त्या दिवशी पौडात सलाईन लावलं हुतं."

"मला कुणी सांगितलं न्हाई."

"मी तरी कुटं सांगितलं? तुजा मानूस गेला, आन् मी माज्या उलट्या सांगत बसू व्हय?"

सारजाबाईनं पदरानं त्यांचं तोंड पुसलं. वृषालीला सामानासह रिक्षातून पुढे पाठवलं. दोघी बहिणी चालत निघाल्या. घर गाठायला दोन तास लागले, कारण मधे दोनदा त्या एका पारावर आणि एका दुकानाच्या पायरीवर बसल्या. विश्रामचा शेवटचा दिवस कसा गेला, सकाळी ते काय बोलले, चहा अर्धाच कसा राहिला, हे सारजाबाईनं त्या वाटेवर सांगितलं. फोनवर तिनं यातलं काही सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर फुलाबाईंनी विश्रामच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली आणि तिघींनी बुद्धवंदना म्हटली.

चार दिवस त्या पायीच हिंडल्या. समुद्र पाहिला, किल्ला पाहिला. थिबा राजवाड्यात वृषालीनं पाटी वाचून सांगितलं, की ब्रह्मदेशच्या राजाला इंग्रजांनी इथं आणून ठेवलं आणि तो इथंच वारला.

"त्याच्या गावाकडनं कोन यायचं का त्याला भेटाय?" फुलाबाईंनी विचारलं.

पाटीवर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

यंदा गाडी सुरू झाली तेव्हा वृषालीला सुट्टी मिळाली नाही. फुलाबाई एकट्याच गेल्या आणि पंधरा दिवस राहिल्या.