दोर क्रमांक चार

रंगराव खोत गेल्या वर्षी चैत्रात, जोतिबाच्या यात्रेच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास मलकापूरच्या पुढे घाटात दोर तुटून दरीत पडले आणि जागीच मरण पावले. त्यांचे वय त्रेसष्ट होते. ज्या बाईसाठी ते उतरले होते, ती जिवंत आहे.

दुसऱ्या दिवशी ही बातमी आतल्या पानावर आली. पहिले पान यात्रेचे होते. बातमीत "दोर जुना असल्याने तुटला" असे वाक्य होते. दोर जुना नव्हता. तो दोन वर्षांपूर्वी सरकारी अनुदानातून घेतला होता आणि पथकाच्या नोंदवहीत त्याचा क्रमांक चार होता.

रंगरावांना सगळे तात्या म्हणत. घाटात गाडी दरीत गेली की माणसे वर काढणारे एक पथक मलकापुरात आहे. त्यात मोबाईल दुरुस्त करणारे, दूध संकलन करणारे, शाळेत शिकवणारे असे पंधरा-वीस जण आहेत. दोरांची जबाबदारी तात्यांकडे होती. तरुणपणी ते विहिरी खोदताना दगड-माती वर ओढणाऱ्या यारीवर कामाला होते. एका विहिरीत उतरताना दोर तुटला आणि ते तळाच्या खडकावर आपटले. तेव्हापासून त्यांचा डावा पाय आखूड झाला. त्या दोराबद्दल ते एकच गोष्ट सांगत, "दिसायला येकदम झकास हुता."

मी तेव्हा मलकापूरला वार्ताहर होतो. पथकावर एक टिपण लिहायचे म्हणून एका रविवारी सकाळी पथकाच्या खोलीवर गेलो. तात्या दाराबाहेर पोत्यावर पाय पसरून बसले होते. डोळे मिटलेले होते आणि दोराचे वेटोळे एका बाजूने उलगडत त्यांच्या बोटांतून दुसऱ्या बाजूला जात होते. मी नमस्कार केला. पुन्हा केला.

"थांबा की, पावणं," ते डोळे न उघडता म्हणाले. "डोळं मिटलं की माझं कान बी मिटत्यात."

पूर्ण दोर हातातून जायला तासभर लागला. हातभर दोर सरला की ते थांबत, तो नाकाशी नेत, हुंगत आणि पुढे जात. डिझेल, ऑइल, बॅटरीचे पाणी, यांपैकी काही लागले असेल तर ते आधी नाकाला कळते, असे त्यांचे म्हणणे होते. दर रविवारी ते एकामागून एक सगळे दोर असे तपासत. दुसऱ्या कुणाला तपासू देत नसत. पथकाचा चिटणीस विलास, ज्याचे स्टँडसमोर मोबाईल दुरुस्तीचे दुकान आहे, एकदा म्हणाला, "तात्या, दोराला मशीन असतंय तपासायचं. परदेशात."

"असू दे की. त्याला म्हणावं, हिकडं ये, माझी बोटं तपास."

अनुदानाचा अर्ज मी लिहून दिला होता, कारण कचेरीची भाषा पथकात कुणाला येत नव्हती. शोध व बचाव साहित्यासाठी सरकार दोन हप्त्यांत पैसे देणार होते. पहिल्या हप्त्यात सहा दोर, काही शिरस्त्राणे आणि कमरेचे पट्टे आले. दुसऱ्या हप्त्यात आणखी दोर, दरीतून उचलायचे स्ट्रेचर आणि प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा यायचा होता. दोर आले त्या दिवशी तात्यांनी ते एकेक करून उन्हात पसरले आणि खोलीत कुणालाच चप्पल घालून येऊ दिले नाही.

त्यांची एक रीत होती. ज्या दोरावर त्यांचा विश्वास राहिला नाही तो ते त्याच दिवशी सुरीने कापत. दोन-दोन वावांचे, म्हणजे दहा-बारा फुटांचे, तुकडे करत आणि वाटून टाकत. म्हणत, "म्हशीला चालंल, माणसाला न्हाई." खोलीत दोर लांब ठेवला तर घाईत कुणीतरी उचलणार, हे त्यांना माहीत होते. तुकडे कुणी दरीत सोडू शकत नाही.

पहिल्याच वर्षी सहापैकी दोन दोर कापले गेले. एकावर दरड कोसळली होती. दुसरा दोर तात्या गावाला गेले असताना कुणीतरी चिखलात रुतलेली जीप ओढायला नेला होता. तात्या परतले, दोर हातात घेतला, दोन वाव चाचपला आणि विचारले, "कुणी वडली ह्यानं गाडी?"

तात्यांनी दोर पोत्यावर ठेवला.

"जीप निघाली का?"

"निघाली, तात्या."

"बरं झालं. सुरी आणा."

दुसरा हप्ता देण्याआधी कोल्हापूरहून एक अधिकारी तपासणीला आले. त्यांच्यासोबत एक लिपिक होता. नोंदवहीत सहा दोर होते आणि खुंट्यांवर चार.

"दोन कुठे आहेत?" साहेबांनी विचारले.

"कापलं."

"कापले म्हणजे?"

"सुरीनं."

साहेबांना वाटले, थट्टा चालली आहे. तात्यांनी त्यांना मागच्या गल्लीतल्या धोंडिराम गवळ्याच्या गोठ्यात नेले. तिथे निळ्या रंगाच्या, आत लाल धागा असलेल्या दोराने चार म्हशी बांधलेल्या होत्या. "ह्यो क्रमांक दोन," तात्या म्हणाले. "मोजून घ्या. क्रमांक येकचा थोडा हितं हाय, थोडा शाळंत झोपाळ्याला." धोंडिरामने विचारले, दोर परत द्यायचा आहे का, की म्हशी सोडू? साहेब शेणातून बूट उचलत बाहेर आले. लिपिक हसू दाबत होता.

साहेब वाईट माणूस नव्हते. खोलीत चहा घेताना ते म्हणाले, "तुमचं बरोबर आहे, तात्या. पण कापलेला दोर माझ्या कागदात बसत नाही. सरकारी मालमत्ता परवानगीशिवाय नष्ट केली, असा त्याचा अर्थ होतो. दरीत हरवला असं लिहा. हरवलेला बसतो."

"हरवला असता तर मला झोप आली नसती, साहेब. कापलाय म्हणून येती."

"मग दुसरा हप्ता अडकेल."

"अडकू दे" असे तात्या म्हणाले नाहीत. त्यांनी खुंट्यांकडे पाहिले. पथकात पट्टे कमी होते आणि एकाच पट्ट्यावर आळीपाळीने माणसे उतरत होती. साहेबांनी एक वाट सांगितली. झाले ते झाले असा शेरा ते मारतील, पण पथकाने हमीपत्र द्यायचे, की यापुढे कोणतेही साहित्य निर्लेखन समितीच्या मंजुरीशिवाय नष्ट केले जाणार नाही. निर्लेखन म्हणजे वस्तू निकामी झाली म्हणून ती नोंदीतून काढणे.

हमीपत्राचा मसुदा मी केला. दोन परिच्छेद होते. तात्यांनी तो विलासकडून दोनदा वाचून घेतला.

"म्हंजे वाईट दोर चांगल्याशेजारी ठेवायचा," ते म्हणाले.

"फक्त मंजुरी येईपर्यंत," मी म्हणालो.

"मंजुरी कवा येती?"

"समिती बसली की."

"आन समिती कवा बसती?"

मी पेन पुढे केले. तात्यांनी सही केली. सगळे झाल्यावर ते म्हणाले, "म्हशीस्नी सांगा आता, थांबा म्हणावं." विलास हसला. ते हसले नाहीत.

त्यानंतर काही महिन्यांनी घाटात एक ट्रक उलटला. चालकाला काढताना दोर क्रमांक चार केबिनमधून ओढून घ्यावा लागला. केबिनमध्ये बॅटरी फुटून तिचे आम्ल सांडले होते. दोर धुतला, वाळवला. रविवारी तात्यांनी तो हातात घेतला आणि मधल्या भागात तीन ठिकाणी थांबले. तिथे त्यांनी दोर पुन्हा पुन्हा हुंगला. मग विलासला हुंगायला दिला. विलासला काही कळले नाही. मलाही कळले नाही. दोर निळा आणि स्वच्छ होता.

"आतनं जळलाय," तात्या म्हणाले. "कुठं कुठं जळलाय ते सांगता येत न्हाई. समदाच गेला समजायचा."

सुरी खिडकीत होती. त्यांनी ती घेतली नाही. त्यांनी दोर कोपऱ्यातल्या वेगळ्या खुंटीला टांगला आणि पुठ्ठ्याच्या तुकड्यावर खडूने "म्हशीचा" असे लिहून तो दोराला बांधला. मी निर्लेखनाचा अर्ज लिहिला. उत्तर आले, की दोष स्पष्ट दिसेल असे छायाचित्र जोडावे. विलासने छायाचित्र काढले. त्यात एक चांगला दोर दिसत होता. तो पाठवला. त्यानंतर मी दोन स्मरणपत्रे लिहिली. त्यांची पोच मिळाली. मधल्या काळात तात्या दर रविवारी तीन दोर तपासत आणि चौथ्याच्या खुंटीखाली उभे राहून पुठ्ठा जागेवर आहे का, तेवढे बघत.

यात्रेच्या दिवशी पथकाने साहित्यासह जोतिबाला बंदोबस्तात हजर राहावे, असा आदेश होता. तिन्ही दोर, स्ट्रेचरऐवजी वापरायची झोळी आणि पट्टे घेऊन पथक पहाटेच गेले. डोंगरावरच्या पायऱ्या पायाला झेपणार नाहीत म्हणून तात्या मागे राहिले. विलास दुकानासाठी राहिला. खोलीत एक पट्टा आणि दोर क्रमांक चार होता.

साडेनऊच्या सुमारास फोन आला. रत्नागिरीकडे निघालेल्या एका दुचाकीला घाटात अपघात झाला होता. नवरा रस्त्यावर पडला आणि त्याचा पाय मोडला. मागे बसलेली बायको, मंगल, कठड्यावरून खाली गेली आणि वीस-पंचवीस हातांवर करवंदीच्या जाळीत अडकली. ती बोलत होती. जाळीखाली सरळ कडा होता आणि जाळीची मुळे सुटत होती, असे वरून दिसत होते. विलासने जोतिबाला गेलेल्या पथकाला फोन केला. गर्दीतून गाडी काढून यायला दोन तास लागतील, असे उत्तर आले.

तात्या आणि विलास पथकाच्या जुन्या जीपने घाटात गेले. तिथे थांबलेल्या ट्रकचालकांकडून ताडपत्रीचे दोर मागितले. ते बारीक आणि ठिकठिकाणी गाठी मारलेले होते. तात्यांनी हात लावून परत दिले. मग त्यांनी जीपमधून दोर क्रमांक चार काढला आणि पुठ्ठा सोडून खिशात ठेवला. पुढचे संभाषण विलासने पोलिसांना सांगितले आणि नंतर मलाही, दोन्ही वेळा सारखेच.

"तात्या, ह्यो म्हशीचा हाय."

"मला ठावं हाय."

"मग मी जातो. मी हलका हाय तुमच्यापरास."

"तुला दोन लेकरं हायती. आन त्या कागदावर सही माझी हाय, तुझी न्हाई."

"थांबू या की थोडं."

"ती थांबंल का, इचार तिला."

कित्येक वर्षांत तात्या स्वतः दरीत उतरले नव्हते. त्यांनी दोर ट्रकला बांधला, कठड्याच्या धारेवर पोते दुमडून ठेवले आणि आखूड पाय सांभाळत मागे सरकत खाली गेले. जाळीपाशी एक माणूस टेकेल एवढीच जागा होती. तिथे मंगल होती. तात्या बाजूला दोरावर लोंबकळत राहिले. त्यांनी स्वतःच्या कमरेचा पट्टा सोडला, दोराचा फास काखेखाली घेतला आणि तो पट्टा मंगलच्या कमरेभोवती बांधून वरच्या बाजूच्या जांभळीच्या खोडाला अडकवला. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागली असावीत.

मंगलला मी महिनाभराने कागलजवळच्या तिच्या घरी भेटलो. ती तिथल्या एमआयडीसीत एका कारखान्यात पॅकिंगचे काम करते. ती म्हणाली, ते सारखे बोलत होते. माहेर कुठले, किती भाऊ, यात्रा सोडून रत्नागिरीला कशाला निघालात. तिने सांगितले, नणंदेचे बारसे आहे. मग स्वतःच दुरुस्त केले, नणंदेच्या बाळाचे.

"मला आदीच वाटलं, नणंद लई उशिरा जल्माला आली जनू," ते म्हणाले. ती त्या अवस्थेत हसली.

पट्टा अडकवून झाल्यावर त्यांनी तो तीनदा ओढून पाहिला. तिने विचारले, "मामा, आन तुमचा पट्टा?"

"मी दोरावर हाय की."

मग ते म्हणाले, "आता आयक. थोड्या येळानं वरनं दुसरा दोर यील. त्यो चांगला हाय. मी रविवारी बगितलाय. त्यावर बिनघोर जायाचं. खाली बगायचं न्हाई."

तिने मान हलवली. त्यांनी वर पाहून विलासला हाताने खूण केली, ओढ. वरच्यांनी ओढायला सुरुवात केली. ती म्हणाली, आवाज काही झाला नाही. ते होते आणि मग नव्हते. तिने खाली बघितले नाही.

पथक पावणेबाराला पोहोचले. मंगलला दोर क्रमांक तीनवरून वर घेतले. तात्यांचा मृतदेह खालच्या वाडीच्या बाजूने दुपारी आणला. त्यांच्या खिशात पुठ्ठा होता. तो त्यांच्या पत्नीला देण्यात आला. दोर कठड्यावर तुटला नव्हता. पोत्याच्या धारेपासून तीन हात खाली, सरळ लोंबणाऱ्या भागात तुटला होता.

अनुदानाचा दुसरा हप्ता पावसाळ्याआधी जमा झाला. आता पथकात प्रत्येकाला स्वतंत्र पट्टा आहे. रविवारी दोर विलास तपासतो. तो डोळे मिटतो, पण त्याला अजून वासावरून काही कळत नाही, असे तो सांगतो. धोंडिरामच्या गोठ्यात निळे दोर तसेच आहेत.

निर्लेखन समितीचे पत्र तात्यांच्या तेराव्यानंतर चार दिवसांनी आले. दोर क्रमांक चार नष्ट करण्यास मंजुरी देण्यात आली होती. तेव्हा दोर पुरावा म्हणून पोलिसांकडे जमा होता. तो अजून तिथेच आहे, दोन तुकड्यांत.