खाडीच्या फोटोतली मोरपंखी साडी

आमच्याकडे पाण्यावर उगाच कुणाला हात करत नाहीत. रस्त्यात करा, एसटीला करा, कुणी विचारणार नाही. पण होडीतून कुणी हात केला आणि तुम्ही उलट हात केलात, तर त्याचा अर्थ एकच: बघितलं, येतो. स्वतःला जाता येत नसेल तर दुसऱ्या कुणाला धाडायचं. तेही जमणार नसेल तर सरळ तोंड फिरवून पुढे निघावं; ते लोक शिव्या घालतील, पण निदान दुसरी होडी शोधतील. आणि ज्याला उलट हात मिळाला त्याने ती जागा सोडायची नाही, नाहीतर मदत घेऊन येणाऱ्याने शोधायचं कुठे? लहान असताना मुरब्याच्या खाडीत मी एकदा गंमत म्हणून समोरच्या होडीला हात हलवला होता. बाबांनी हातावर फटका मारला, होडी वळवली, त्या लोकांपाशी जाऊन ‘पोरगी येडी हाय, काय नाय झालेला’ असं सांगितलं आणि मगच आम्ही घरी आलो.

हे आधी सांगून टाकलं, कारण पुढचं सगळं त्या एका हातावर आहे.

मी बोईसरला एका औषधाच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिथे माझे एक वरिष्ठ आहेत, साताऱ्याकडचे. त्यांना फोटोग्राफीचा नाद. दुधीभोपळ्याएवढी लेन्स घेऊन रविवारी किनाऱ्यावर येतात, बोंबील निवडणाऱ्या बायकांना ‘मावशी, जरा इकडे बघा’ म्हणतात आणि फोटो काढून झाला की नाकाला रुमाल लावतात. मला ते कधीच आवडले नाहीत. कामाला चोख होते, माझ्याशी कधी वाकडं बोलले नव्हते, तरी नाहीच आवडले.

गेल्या वर्षी त्यांनी तारापूरला कॉलनीतल्या हॉलमध्ये प्रदर्शन भरवलं. विषय होता सीमेवरची नदी. त्याआधीच्या थंडीत रजा काढून ते कच्छला जाऊन आले होते. तिथे टोकाला एक खाडी आहे, पूर्वी म्हणे सिंधू नदीचं पाणी त्या बाजूने समुद्राला मिळायचं. आता अलीकडे आपण आणि पलीकडे पाकिस्तान. ‘सगळ्या लॅबने यायचंच’ असा त्यांचा हट्ट. मी टाळत होते. त्या खाडीचं नाव निघालं की मी उठून जायचे, आणि का ते लॅबमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं.

माझा दादा त्याच खाडीच्या तोंडावर पकडला गेला होता. बाबा वारले, पाठोपाठ आमची होडीही विकावी लागली, तेव्हापासून तो गुजरातेत ओख्याच्या एका शेठच्या बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या होता. आमच्याकडचे कितीतरी जण तिकडे जातात. बोट पलीकडच्यांनी धरली, दादा आणि त्याचे खलाशी कराचीच्या तुरुंगात गेले, आणि शेठने फोनवर एवढंच सांगितलं की तांडेलाने मासळीच्या लोभाने बोट पलीकडे घातली. हे वाक्य गावात असं पसरलं की विचारू नका. खलाशांपैकी एक आमच्याच आळीतल्या काकीचा मुलगा, दादाच त्याला घेऊन गेलेला. काकीने त्या दिवसापासून आमच्या दाराकडे बघायचं सोडलं. बोंबील सुकवायच्या बांबूंच्या वलांड्या आमच्या आणि तिच्या शेजारी शेजारी होत्या; तिने आपल्या उचलून लांब नेल्या. मग एकेक करत बाकीच्यांनीही नेल्या. वहिनी रोज सकाळी त्या मोकळ्या वाळूत एकटी बोंबील अडकवत बसायची. कुणी भांडायला आलं असतं तर परवडलं असतं, मी तयारच होते. पण कुणी तोंडच उघडत नव्हतं. आणि ‘दादाने असं केलं नाही’ असं मी म्हणणार तरी कशाच्या जोरावर? मला दादा माहीत होता, बाकी काहीच माहीत नव्हतं.

शेवटी प्रदर्शनाला गेले. गेले नसते तर सोमवारी पुन्हा ‘का आला नाहीत’ ऐकावं लागलं असतं.

हॉलमध्ये समोसे होते, खुर्च्या भरलेल्या होत्या. सर माईकवर बोलत होते. पाण्याला सीमा कळत नाही, पक्ष्यांना पासपोर्ट लागत नाही, असलं सगळं. मी मागे भिंतीला टेकून उभी होते आणि मनात म्हणत होते, पक्ष्यांना नसेल लागत, माझ्या भावाला लागतो. मग त्यांनी सगळ्यात मोठ्या फोटोकडे बोट दाखवलं. सपाट राखाडी चिखल, मधोमध रुंद पाणी आणि त्यात एक बोट. ‘या लोकांची गंमत सांगतो,’ सर म्हणाले. ‘आम्ही बरेच लांब होतो, तरी त्यांनी आम्हाला बघून हात केला. झेंडे काय नाचवले! मीही उभा राहून दोन्ही हात हलवले. कसले खूश झाले सगळे. सीमेवरची माणसं मनाने फार मोकळी असतात.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळ्या थांबल्यावर मी फोटोजवळ गेले. झेंडा नव्हता तो. बोटीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, एक माणूस उभा होता आणि त्याने लांब बांबू तिरका वर धरला होता. बांबूला साडी बांधलेली. मोरपंखी, सोनेरी कुयऱ्यांची.

ती साडी माझ्याही कपाटात आहे. धाकट्या काकाच्या मुलाच्या हळदीला घरातल्या सगळ्या बायकांनी एकसारखी घेतली होती. वहिनीच्या साडीला त्याच रात्री चुलीची ठिणगी लागून भोक पडलं. ती हळहळली, आणि दादा म्हणाला, दे इकडे, बोटीवर स्टोव्हला वारा लागतो, आडोसा करतो. इंजिन बंद पडलं की हाताशी येईल ते कापड बांबूला बांधून वर धरायचं, हे आमच्या घरात रांगणाऱ्या पोरालाही माहीत असतं. दादाची बोट बंद पडली होती. ते ओरडत होते. आणि हा माणूस उभा राहून दोन्ही हात हलवत होता.

मी सरांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं. ओरडले नाही, आवाज माझा मलाच ओळखू येत नव्हता. ते आधी काय म्हणाले असतील? ‘तुमचे बंधू? काय योगायोग आहे हो.’ त्यांचे डोळे चमकले. मला त्या क्षणी तो समोशाचा ट्रे उचलून त्यांच्या अंगावर फेकावासा वाटला.

‘सर, मूळ फोटो द्या,’ मी म्हटलं. ‘त्यात तारीख असेल, वेळ असेल, जागा असेल. बोट बंद पडली होती एवढं जरी दिसलं तरी पुरे. गावात माझ्या भावाला लोभी म्हणतात.’

त्यांनी फोनमध्ये बघून तारीख सांगितली. शेठचा फोन आला त्याच्या दोनच दिवस आधीची. मग मात्र त्यांचा चेहरा उतरला. आवाज खाली गेला. ‘मॅडम, त्याचं काय आहे, आम्हाला परवानगी होती ती बरीच अलीकडे. ओळखीच्या नावाड्याने पुढे नेलं. जागा उघड झाली तर मी अडकेन. नोकरीचा प्रश्न आहे.’

‘आणि भिंतीवर लावलात तेव्हा नव्हता?’

‘तेव्हा कोण जागा विचारणार होतं?’ ते म्हणाले. अगदी सरळ बोलले.

मी माझ्या फोनवर भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला. ‘तेवढा डिलीट करा, प्लीज,’ म्हणाले. मी ‘नाही’ म्हटलं आणि निघाले. दुसऱ्या दिवशी तो फोटो भिंतीवर नव्हता, असं लॅबमधलीच एक म्हणाली.

घरी आल्यावर वहिनीला दाखवला. तिने साडी ओळखली, फोन छातीशी धरला आणि बराच वेळ दिलाच नाही. मग म्हणाली, ‘काकीला दाखव.’ मला जायचं नव्हतं, तिचं तोंड बघायची इच्छा नव्हती. तरी गेले. काकी वलांडीखालच्या कुत्र्याला हाकलत होती. मी फोन पुढे केला तशी तिने नजर दुसरीकडे वळवली.

‘बांबू कोनी धरलाय, बघ तरी,’ मी म्हटलं.

तिने बघितलं. फोटो मोठा करून दिला. चेहरा नीट दिसत नव्हता, पण उभं राहायची ढब आईला कळते. तिने फोन डोळ्यांजवळ नेला. पण काकी ती काकीच. ‘बंद पडलेली, बरा,’ ती म्हणाली. ‘पन कुठल्या अंगाला? पान्यावर रेघ हाय का? तुझ्या भावानं पलीकडं नेऊन बंद पाडली नसंल कशावरून?’ आणि ते खरंच होतं. माझ्या फोनमध्ये तारीख, जागा काही नव्हतं. ते सगळं सरांकडच्या मूळ फोटोत होतं.

पुढचे महिने मी लॅबमध्ये त्यांच्याशी कामापुरतंही धड बोलले नाही. ‘सॅम्पल ठेवलंय.’ ‘रिपोर्ट टेबलावर आहे.’ त्यांनी दोनदा चहाला बोलावलं. एकदा मी आजारी असताना माझी शिफ्ट स्वतः केली. मला त्याचाही संताप आला. चांगलं वागायची एवढी हौस होती तर एक फोटो द्यायचा होता.

यंदा सोडलेल्या खलाशांमध्ये दादा आला. काकीचा मुलगाही. वाघा सीमेवरून रेल्वेने वडोदऱ्यापर्यंत, मग पुढे पालघर. स्टेशनवर दादाला मी आधी ओळखलंच नाही. शर्ट दुसऱ्याचाच वाटावा इतका सैल. गावात पोचल्यावर सगळी आळी आमच्या अंगणात. काकीही आली, मुलाचा दंड घट्ट धरून. मला वाटलं, आता विचारूनच टाकावं सगळ्यांसमोर. मी फोनवर तो फोटो उघडून दादाच्या हातात दिला.

त्याने बघितला. हसला.

‘हां,’ म्हणाला. ‘हा फोटो काढला त्या बोटीतला मानूस. त्यानं हात केला होता.’

दादा सावकाश सांगत गेला. इंजिन बसलं ते आपल्याच अंगाला, पार अलीकडे. बॅटरीही बसलेली, वायरलेस बंद. नांगर टाकला. ओहोटी चालू होती. ताडपत्रीचं शीड करून त्या ओहोटीवर बाहेर समुद्रात निघता आलं असतं. काकीचा मुलगा बांबू धरून ओरडत होता आणि मग लांबच्या त्या बोटीतल्या माणसाने हात केला. एक नाही, दोन्ही.

‘हा म्हनत होता, तांडेल, शीड लावू, निघू,’ दादा काकीच्या मुलाकडे बघून म्हणाला. ‘मीच नको म्हटलं. म्हटलं, त्या मानसानं हात केलाय. तो लोकांना घेऊन येईल आनि आपन इथं नसू, तर त्याला खोटं पाडल्यासारखं होईल. म्हनून थांबलो. मग भरती चढली, नांगर सुटला, आनि पान्यानं नेलं पलीकडं.’ मग म्हणाला, ‘चूक माझीच. मी थांबवलं.’

काकीने मुलाचा दंड सोडला. ती पुढे आली, दादाच्या पायाशी वाळूतच बसली आणि रडायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या वलांड्या परत आमच्या शेजारी होत्या.

मी सोमवारी कामावर गेले. सर आधीच येऊन बसले होते. त्यांच्या टेबलापाशी जाऊन मी उभी राहिले आणि सांगितलं, भाऊ आला. त्यांचा चेहरा खुलला, उठायला लागले. मग बाकीचंही सांगितलं, दादाने सांगितलं तसंच, एक शब्द कमीजास्त न करता.

ते खाली बसले. ‘मला काय माहीत, मॅडम,’ म्हणाले. ‘मला खरंच वाटलं, ते खूश आहेत.’

ते खोटं बोलत नव्हते. हे मला कळत होतं, आणि तेच मला माफ करता येत नाही.

मग त्यांनी विचारलं, ‘किती वेळ थांबले ते?’

‘भरती येईपर्यंत,’ मी म्हटलं. ‘तुमची वाट बघत.’